आधी रस्सा, मग मासा

१. प्रश्न नेहमीचाच

अकलूज, इंदापूर, टेंभुर्णी या पट्ट्यात घरी मासे करणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते. चिलापीचं कालवण केलं की तुकड्या फुटतात आणि रश्श्यात काटे वेचत बसावं लागतं. जी तुकडी शाबूत राहते ती चोथ्यासारखी कोरडी लागते. वरून एवढा मसाला घातला तरी मासा आतून अळणीच. मग मसाला वाढवला जातो, माशाला आणखी दहा मिनिटं रटरटू दिलं जातं, आणि तक्रार कमी होण्याऐवजी वाढते. या प्रकरणाचं म्हणणं एवढंच आहे की चूक मसाल्याची नाही, माशाचीही नाही. ती क्रमाची आणि वेळेची आहे. पांढऱ्या मांसाचा मासा आणि त्याचा रस्सा या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, दोघांना लागणारा वेळ वेगळा आहे, आणि मटणाची सवय असलेला हात दोघांना एकाच पातेल्यात एकाच वेळी शिजवायला जातो. रस्सा पूर्ण तयार करावा, चाखून पक्का करावा, आणि मासा त्यात अगदी शेवटी सोडावा. असं का, हे समजलं की कोणताही साधा रस्सा घरी जमतो.

या भागात पांढरा मासा म्हणजे मुख्यतः गोड्या पाण्यातला मासा. अकलूज नीरेच्या काठी आहे, आणि जवळच भीमेवर १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाचा जलाशय पसरलेला आहे. भिगवण आणि इंदापूरच्या बाजारात तिथली मासळी येते. रोहू, कटला आणि मृगळ हे मुळात गंगेच्या खोऱ्यातले मासे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल इथे हिरालाल चौधरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी संप्रेरकाची सुई देऊन असे मासे तलावात प्रजननक्षम करता येतात हे दाखवलं, आणि त्यानंतर त्यांचं बीज देशभरच्या जलाशयांत सोडणं सोपं झालं. चिलापी तर परदेशी. मोझांबिक जातीची चिलापी १९५२ मध्ये भारतात आणली गेली. तिची मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते, त्यामुळे पिल्लं जगण्याचं प्रमाण मोठं आणि प्रसार झपाट्याचा. स्थानिक माशांना तिचा जाच होतो तो त्यामुळेच. पण स्वयंपाकाच्या दृष्टीने ती सोयीची आहे. मांस पांढरं, वास सौम्य, आणि रोहू-कटल्याच्या मांसात ठिकठिकाणी रुतलेले इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या आकाराचे बारीक काटे तिच्यात नसतात. मधला काटा आणि फासळ्या काढल्या की मुलांच्या ताटातही निर्धास्तपणे वाढता येते.

२. मांस पांढरं का, आणि नाजूक का

कोंबडीची किंवा बकऱ्याची मांडी दिवसभर शरीराचं वजन पेलते. माशाला ते काम नाही, कारण पाणीच त्याला तोलून धरतं. त्याच्या शरीराचा बहुतेक भाग अचानक झेप घेण्यासाठी राखून ठेवलेल्या स्नायूंचा असतो. हे स्नायू अधूनमधून आणि थोडाच वेळ वापरले जातात, म्हणून त्यांना प्राणवायू साठवणारं लाल रंगद्रव्य फारसं लागत नाही आणि मांस पांढरं राहतं. सावकाश, सतत पोहण्याचं काम कातडीखालून कुशीच्या मधोमध जाणारी एक गडद पट्टी करते. चिलापीची तुकडी उलटून पाहिली तर ही तपकिरी रेघ स्पष्ट दिसते. तिच्यात चरबी जास्त असते, म्हणून वासही जास्त. पुढे वासाचा विषय येईल तेव्हा ही पट्टी लक्षात ठेवायची आहे.

आता नाजूकपणाचं कारण. माशाचं मांस लांब धाग्यांचं नसतं; ते आखूड तंतूंच्या पातळ थरांचं असतं आणि दोन थरांमध्ये कोलॅजन नावाच्या चिकट प्रथिनाचा तलम पडदा असतो. वहीची पानं खळीने एकमेकांना चिकटवून ठेवावीत तशी ही रचना आहे: खळ ओली झाली की पानं सुटी होतात, फाडावी लागत नाहीत. मटणातही कोलॅजन असतं, पण पुष्कळ आणि घट्ट. ते विरघळायला बराच जास्त ताप आणि तासभर तरी वेळ लागतो. माशातलं कोलॅजन मुळात थोडं आणि कच्च्या बांध्याचं. साधारण ५० ते ५५ अंश सेल्सिअसलाच ते विरघळू लागतं. मासा शिजला की बोटाने पापुद्रे सुटतात ते यामुळे, आणि शिजल्यावर त्याच्यावर डाव फिरवला की चुरा होतो तोही यामुळेच. मटण जितकं जास्त शिजेल तितकं मऊ होतं, कारण तिथे कोलॅजन विरघळायची वाट पाहायची असते. माशात अशी वाट पाहण्यासारखं काही उरलेलंच नसतं. पाचव्या मिनिटाला जे मिळवायचं ते मिळून गेलेलं असतं. त्यानंतर फक्त गमवायचं असतं.

३. किती आच पुरते

माशाच्या मांसातली प्रथिनं ५० अंशांच्या आसपास आकसायला लागतात आणि ६० अंशांपर्यंत मांस पारदर्शक न राहता दुधाळ, घट्ट आणि रसरशीत होतं. ६५च्या पुढे तंतू इतके आवळतात की आतलं पाणी पिळून बाहेर पडतं. तोंडात लागणारा कोरडेपणा तो हाच. उकळत्या रश्श्याचं तापमान जवळपास १०० अंश असतं, म्हणजे माशाला हवं त्याहून कितीतरी जास्त. आणि कोरडा मासा रश्श्यात बुडलेला असला तरी कोरडाच लागतो, कारण बाहेरचं पाणी आवळलेल्या तंतूंत परत शिरत नाही. शिवाय जोरात उकळणारा रस्सा सुट्या होऊ घातलेल्या पापुद्र्यांना आतून धक्के देत राहतो. फुटण्याचं निम्मं कारण उष्णता असेल, तर निम्मं हे बुडबुडे आणि वरून ढवळणारा डाव.

यातून एक सोपा हिशेब निघतो. एक इंच जाडीच्या तुकडीला सुमारे दहा मिनिटं, अर्ध्या इंचाला पाच. बाजारात चिलापीच्या आडव्या तुकड्या करून घेतल्या तर त्या बहुधा अर्ध्या ते पाऊण इंचाच्या असतात. म्हणजे रस्सा मंद आचेवर, कडेने एखादाच बुडबुडा येईल इतका ठेवायचा, तुकड्या एका थरात सोडायच्या, चार-पाच मिनिटांनी गॅस बंद करायचा आणि झाकण ठेवून आणखी पाच मिनिटं थांबायचं. उरलेलं शिजणं रश्श्याच्या साठलेल्या उष्णतेत होतं. ढवळायचं नाही, पातेलं दोन्ही कानांना धरून हलकेच गोल फिरवायचं. म्हणूनच खोल, अरुंद पातेल्यापेक्षा पसरट कढई बरी, तिच्यात तुकड्या एकमेकींवर चढत नाहीत. झालं की नाही हे पाहायला सुरीचं टोक मधल्या काट्यापाशी घालून मांस जरा बाजूला करावं. ते काट्यापासून सहज सुटलं आणि आत काचेसारखी झाक दिसली नाही, तर मासा शिजला.

४. चव माशात उतरते की माशावर बसते

‘मसाला आत मुरला पाहिजे’ या समजुतीमुळे मासा जास्त शिजवला जातो. म्हणून मुरतं काय, हे नीट पाहायला हवं. मांसात खोलवर जातं ते मीठ. त्याचे कण अतिशय लहान आणि पाण्यात विरघळणारे असतात. हळद, मिरची, लवंग, दगडफूल यांची चव मुख्यतः तेलात उतरणारी असते. ती पाण्याने भरलेल्या मांसात काही मिलिमीटरही जात नाही, मग तासभर लावून ठेवा की रात्रभर. लिंबू किंवा चिंच आत जाते खरी, पण आम्लाने पृष्ठभागाची प्रथिनं न शिजवताच आवळतात; अर्ध्या तासाहून जास्त ठेवलं तर तुकडीचा वरचा थर पिठूळ होतो. तेव्हा मीठ आधी लावायचं आणि बाकी चव रश्श्यावर सोपवायची.

अर्धा किलो तुकड्यांना एक सपाट छोटा चमचा मीठ, म्हणजे पाच-सहा ग्रॅम, आणि पाव चमचा हळद पुरते. माशाच्या वजनाच्या साधारण एक टक्का हे प्रमाण लक्षात राहिलं की पाव किलो असो वा दोन किलो, चमच्याचा अंदाज चुकत नाही. पंधरा मिनिटांनी परातीत थोडं पाणी सुटलेलं दिसेल. ते टाकून द्यावं, तुकड्या फडक्याने टिपाव्यात. मिठाने बाहेरचा थर जरा घट्ट होतो, त्यामुळे तुकडी कमी फुटते, आणि आतला अळणीपणाही जातो. तुकड्यांचं मीठ रश्श्यातही उतरणार आहे, म्हणून रश्श्यात मीठ बेतानेच घालावं. बाकीची चव तुकडीवर बसवायची तर रस्सा अंगाला धरून राहील इतका दाट हवा. आपल्याकडे ही सोय घराघरात आहे: शेंगदाण्याचा कूट, भाजलेलं सुकं खोबरं, तीळ, डाळव्याचं पीठ, येसूर. पातळ पाणचट रश्श्यात मासा कितीही शिजवला तरी घासात दोन चवी वेगवेगळ्याच लागतात. दाट रश्श्यात पाच मिनिटं राहिलेली तुकडी प्रत्येक घासाला रस्सा सोबत घेऊन येते.

इथे एक रास्त आक्षेप येतो. मासा शेवटी घातला तर माशाची चव रश्श्यात कशी उतरणार? उत्तर असं की सगळा मासा शेवटी घालायचा नाही. डोकं, शेपूट आणि मधला काटा यांच्यात मांस कमी आणि कोलॅजन जास्त. हे भाग आधी घालावेत. कल्ले काढून टाकलेलं डोकं आणि काटे थोड्या कांद्याबरोबर तीन वाट्या पाण्यात वीस मिनिटं मंद उकळून गाळले की रश्श्याला हवं ते पाणी तयार होतं. त्याहून जास्त उकळू नये, काट्यांतला चुनखडीसारखा कडवटपणा उतरतो. चव देणारे भाग आधी, खायचे भाग शेवटी, अशी वाटणी केली की रस्साही माशाचा होतो आणि तुकडीही रसाळ राहते.

५. मातीचा वास कुठून येतो

गोड्या पाण्याच्या माशाला मातीचा वास येतो, म्हणून झणझणीत काळा मसाला हवाच, असं मानलं जातं. हा वास घाणीचा नाही. तो जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा आहे. पाण्यातलं निळं-हिरवं शेवाळ आणि मातीतले काही जिवाणू ते तयार करतात, आणि पहिल्या पावसानंतर जमिनीचा जो गंध आपल्याला आवडतो त्यात हेच द्रव्य असतं. माणसाचं नाक त्याच्या बाबतीत विलक्षण तिखट आहे: पाण्याच्या एक लाख कोटी भागांत पाच-दहा भाग असले तरी आपल्याला ते कळतं. उन्हाळ्यात जलाशय आटून कोमट पाणी हिरवं पडलं की मासळीत हा वास वाढतो, पावसाळ्यानंतर कमी होतो. समुद्री माशाचा वास निराळ्या द्रव्यापासून येतो, म्हणून कोकणातला उपाय इथे जसाच्या तसा लागू पडेल असं गृहीत धरता येत नाही.

जिओस्मिन चरबीत साठतं. म्हणजे ते कुठे असेल याचा अंदाज आधीच बांधता येतो: कातडीखालची चरबी, ती गडद पट्टी आणि पोटाचा भाग. उपायही तिथेच करावा. पोटाच्या आतला काळा पातळ पडदा मिठाने घासून पूर्ण काढावा, काट्यालगतचं साकळलेलं रक्त धुवावं, वास जास्त असेल तर कातडी सोलून गडद पट्टी कापून टाकावी. पित्ताची पिशवी फुटू देऊ नये. तिने मासा कडू होतो, आणि रोहू-गवत्यासारख्या माशांचं पित्त औषध म्हणून खाण्याचा प्रकार तर मूत्रपिंडांवर बेततो, ते कधीही खाऊ नये. दुसरा उपाय आंबटाचा. आम्लात जिओस्मिनचं रूप बदलून वास मंदावतो, म्हणून चिंच, लिंबू, टोमॅटो हे गोड्या पाण्याच्या माशाचे खरे सोबती. ही ओळख जुनी आहे. सोलापूरपासून फार लांब नसलेल्या कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात माशाचे तुकडे नीट धुऊन चिंचेच्या रसात शिजवण्याची कृती आहे. जड मसाला वास झाकतो. स्वच्छता आणि आंबट तो कमी करतात. कमी झाल्यावर झाकायची गरज उरत नाही, आणि साधा रस्सा पुरतो.

६. तीन साधे रस्से

तिन्हींचं माप अर्धा किलो तुकड्यांसाठी आहे, आणि तिन्हींत मासा मीठ-हळद लावून टिपून घेतलेला आहे.

पहिला शेंगदाणा-चिंचेचा. दोन मोठे चमचे तेलात ठेचलेल्या दहा लसूणपाकळ्या तांबूस कराव्यात, बारीक चिरलेला एक कांदा परतावा, दीड चमचा काळं तिखट घालून अर्धाच मिनिट हलवावं. मसाल्याची चव तेलात उतरते ती याच क्षणी; करपली तर पुढे काही केल्या सुधारत नाही. मग माशाच्या उकळीचं अडीच वाट्या पाणी, चार मोठे चमचे भाजलेल्या शेंगदाण्यांचा कूट आणि सुपारीएवढ्या चिंचेचा कोळ. दहा मिनिटं उकळलं की कुटातलं तेल वर तरंगतं आणि रस्सा दाटतो. आता चाखावं. रस्सा नुसता भाकरीशी खावासा वाटला पाहिजे, नाहीतर मासा घालून तो सुधारणार नाही. मग आच मंद करून तुकड्या सोडाव्यात.

दुसरा हिरवा. वाटीभर कोथिंबीर, चार हिरव्या मिरच्या, सहा लसूणपाकळ्या, बोटाच्या पेराएवढं आलं आणि दोन चमचे डाळवं वाटून घ्यावं. तेलात जिऱ्याची फोडणी करून वाटण दोन मिनिटं परतावं, दोन वाट्या गरम पाणी घालावं, एक उकळी येताच तुकड्या सोडाव्यात. अर्ध्या लिंबाचा रस मात्र गॅस बंद केल्यावरच. उष्णता आणि आम्ल एकत्र आले की पानांचा हिरवा रंग काही मिनिटांत शेवाळी पडतो, आणि लिंबाचा ताजा वासही उडून जातो.

तिसरा कुरकुरीत मासा आवडणाऱ्यांसाठी. यात रस्सा आणि मासा पातेल्यात भेटतच नाहीत. चार पिकलेले टोमॅटो, आठ लसूणपाकळ्या आणि लाल तिखट एक चमचा तेलात शिजवून, घोटून दाट करावं, चिमूटभर गूळ आणि मीठ घालावं. तुकड्या ज्वारीच्या पिठात किंवा रव्यात घोळवून तव्यावर चांगल्या तापलेल्या तेलात एका बाजूने तीन मिनिटं न हलवता ठेवाव्यात. खालचा थर खरपूस झाला की तुकडी आपोआप तवा सोडते. त्याआधी उलथनं घातलं तर कातडी तव्याला चिकटते. उलटून दोन मिनिटं, आणि ताटात खाली टोमॅटोचा दाट रस्सा, वर मासा.

७. शंका

पहिली शंका: इतक्या थोड्या वेळात शिजलेला मासा सुरक्षित असतो का? मांसाच्या मध्यभागी ६३ अंश गाठले की सर्वसाधारण जंतू आणि परजीवी यांच्या दृष्टीने मासा शिजलेला धरतात. जवळजवळ उकळत्या रश्श्यात अर्ध्या इंचाची तुकडी पाच मिनिटांत तिथे पोचते. गोड्या पाण्याचा मासा कच्चा किंवा अर्धा कच्चा खाऊ नये हे खरंच आहे. पण ‘पूर्ण शिजलेला’ आणि ‘वीस मिनिटं उकळलेला’ यांत मोठं अंतर आहे. सुरीच्या टोकाची परीक्षा करावी, एकट्या घड्याळावर विसंबू नये.

दुसरी शंका: कालवण दुसऱ्या दिवशी जास्त चवदार लागतं, म्हणजे मुरणं हवंच ना? अनुभव बरोबर आहे, आणि तो इथल्या मुद्द्याला बळच देतो. रात्रभर मासा उकळत नव्हता. तो आंबट-खारट रश्श्यात स्वस्थ पडून होता. मीठ आणि आम्ल सावकाश आत गेले, रस्सा पापुद्र्यांच्या फटींत शिरला. मुरण्याला वेळ लागतो, आच नव्हे. मात्र सोलापुराकडच्या उन्हाळ्यात कालवण ओट्यावर ठेवून चालणार नाही. निवल्यावर लगेच फ्रिजमध्ये ठेवावं आणि खाताना एकदाच, कडकडीत गरम करावं.

तिसरी शंका: बंगालात रोहू आधी तळतात आणि मग झोलात शिजवतात, मग तो का फुटत नाही? तळल्यामुळे तुकडीवर घट्ट कवच येतं, ते पापुद्रे धरून ठेवतं, शिवाय रोहूचं मांस चिलापीहून जरा चिवट. ज्यांना रोहू-कटला करायचा आहे त्यांनी ही पद्धत जरूर घ्यावी. पण तिथेही झोल आधी तयार असतो आणि मासा नंतर पडतो. कोकणातही आमटीला उकळी आल्यावरच मासे सोडतात. मसाले वेगळे, मासे वेगळे, क्रम एकच. रोज मासे खाणाऱ्यांनी अनुभवाने तो ठरवला आहे.

चौथी शंका दह्याची. मासा आणि दूध-दही एकत्र खाल्लं तर कोड येतं, असं पुष्कळ घरांत सांगतात. कोड हा विकार शरीराची प्रतिकारशक्ती त्वचेतल्या रंगपेशींवर उलटल्याने होतो. या जोडीने तो होतो याला वैद्यकशास्त्रात आधार नाही, आणि बंगालात दह्यातला मासा घरोघरी होतो. आयुर्वेदाने ही जोडी वर्ज्य मानली आहे, ते ज्यांना पाळायचं आहे त्यांना वरचे तिन्ही रस्से मोकळे आहेत.

८. यातून काय साधतं

पापलेट आणि सुरमई घाट ओलांडून बर्फातून येतात आणि त्यांचा भाव तसाच असतो. चिलापी आणि रोहू जवळच्या पाण्यातले, ताजे आणि पुष्कळ घरांना परवडणारे. तरी त्यांना कमी लेखलं जातं, आणि त्याचं एक कारण चुकीच्या शिजवण्याने आलेला कोरडेपणा आणि वास हे आहे. ते दोन्ही घालवणं कुणाच्याही हातात आहे. बाजारात लाल कल्ल्यांचा, डोळे टपोरे आणि मांस दाबल्यावर परत वर येणारा मासा निवडावा, डोकं आणि काटे सोबत मागून घ्यावेत. घरी मीठ लावून मासा बाजूला ठेवावा, डोक्याची उकळी आणि रस्सा पाऊण तासात होतो, आणि ताटं घेतल्यावर तुकड्या सोडाव्यात. घरात चिंच नसेल तर टोमॅटो, कूट नसेल तर खोबरं, काळं तिखट नसेल तर लाल. हे सगळं बदलता येतं. आधी रस्सा आणि मग मासा, हा क्रम तेवढा बदलू नये.